मोटारसायकल एकट्याने गाडीत कशी चढवायची? घरगुती उपाय सांगा

फुलेवाडी_नाका
नमस्कार मंडळी. घरचा छोटा हत्ती आहे (टाटा एस), आणि रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, म्हणजे आमची बुलेट. पाऊस संपला की गगनबावड्याकडच्या शेतावर बुलेट न्यायची-आणायची आहे. बहुतेक वेळा सोबत कोणी नसणार.

टेपने घेतलेली मापे: जमिनीपासून हौद्याच्या कडेपर्यंत २७ इंच. हौदा आतून २२०० मिमी लांब, १४९० रुंद. बुलेट २१४५ मिमी लांब, वजन १९५ किलो.

प्रश्न तीन. रॅम्प कशाचा आणि किती लांब करू? चढवताना मध्येच थांबली तर एकट्याने काय करायचे? आणि वर गेल्यावर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बांधायची कशी? विकतचे महागडे सामान नको, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घेता येईल असे सांगा.

तांबडा_पांढरा
एवढं डोकं चालवण्यापेक्षा तालमीतली चार पोरं बोलवा की. दोन मिंटांत उचलून ठेवतील. वर मिसळ द्यावी लागंल, तेवढाच खर्च.

फुलेवाडी_नाका
@तांबडा_पांढरा, चढवायला मिळतील हो. शेतावर उतरवायला तालीम कुठून आणू?

उद्यमनगरी
पहिल्या प्रश्नावर लिहितो.

लांबी ८ फूट धरा. पत्रा ८ बाय ४ चा येतो, म्हणजे जोड न देता पूर्ण लांबीचा तुकडा निघतो. २७ इंच उंचीला ८ फुटांचा उतार सुमारे १६ अंश पडतो. त्यावर १९५ किलोची गाडी सरळ ओढायला साधारण ५५ किलोचा जोर लागतो. ६ फूट केलात तर ७३ किलो. १० फूट केलात तर ४४, पण तो हौद्यात मावत नाही. तुमच्या २२०० च्या हौद्यात २४४० चा रॅम्पसुद्धा तिरका ठेवूनच बसेल, हे आधी बघून घ्या.

आता पत्रा. ३ मिमीचा एम.एस. (माइल्ड स्टील, साधे लोखंड) पत्रा घेऊन बेंडिंग मशीनवर पन्हाळीसारखा वाकवून घ्यायचा: तळ २०० मिमी, दोन्ही बाजूंचे ओठ वर. बहुतेक लोक ओठ ४० मिमीचे ठेवतात आणि इथेच फसतात. चाकावरचे ११० किलो रॅम्पच्या मध्यावर आले की ४० च्या ओठांवर ताण २४० मेगापास्कलच्या आसपास जातो. साधे एम.एस. २५० ला कायमचे वाकते. म्हणजे काठावर आहात, एक धक्का बसला की मध्ये झोळ पडला. तेच ओठ ६० मिमी करा, ताण ११० च्या आत येतो. वजन फक्त दोन-अडीच किलोने वाढते, १६ चे साडेअठरा. एका पत्र्यात ३२० रुंदीचे तीन पट्टे निघतात. दोन रॅम्पसाठी वापरा, तिसरा ठेवून द्या, कामाला येतो.

तयार सी-चॅनल घेऊ नका. १०० च्या चॅनलमध्ये आत जेमतेम ८५ मिमी जागा असते, क्लासिकचा मागचा टायर १२० चा. १५० चा चॅनल घेतला तर टायर बसतो, पण ८ फुटांचे वजन ४० किलोवर जाते. तो उचलायला परत तालीम.

रंकाळा_टॉवर
दोन पट्टे कशाला? मोटारसायकलला चाके एका ओळीत असतात ना.

उद्यमनगरी
दुसरा तुमच्यासाठी. गाडी २७ इंच वर गेली आणि तुम्ही जमिनीवरच राहिलात तर हँडल खांद्याच्या वर जाते, आणि मग ती सावरता येत नाही. गाडी पडते ती इथे. डावीकडे दुसरा पट्टा लावा, म्हणजे तुम्हीही तिच्याबरोबर वर चालत जाता. दोन्हींच्या मध्ये ८-१० इंचांचे अंतर पुरे. पायाच्या पट्ट्यावर दर ६ इंचांना ८ मिमीचा चौकोनी बार आडवा वेल्ड करून घ्या. गाडीच्या पट्ट्यावर रेड ऑक्साइडचा दुसरा हात ओला असतानाच कोरडी वाळू भुरभुरवा. तिथे बार नको, चाक दचकते.

बांधावरचा
लोखंडाचा खर्च कशाला? सेंट्रिंगची फळी टाकली की झालं. गावाकडं सगळी हेच करत्यात.

करवीरकन्या
बांधावरचे, स्प्लेंडरला चालून जाते म्हणून बुलेटला चालेल असे नाही. सेंट्रिंगच्या फळ्या इंच-सव्वा इंच जाडीच्या, गाठी असलेल्या आणि सिमेंटचे पाणी पिऊन कुजत आलेल्या असतात. १० इंच रुंद, १ इंच जाड फळीवर मध्यभागी ११० किलो आले की ताण २५ मेगापास्कलपर्यंत जातो. गाठ असेल तिथे ती मोडणारच, तीही इशारा न देता. हीच फळी २ इंच जाड घेतलीत तर ताण एकदम चौथ्या हिश्श्यावर, सहा-साडेसहावर येतो. लाकूडच वापरायचे तर सागाची किंवा वाळलेल्या बाभळीची दोन इंची, मध्ये गाठ नसलेली फळी घ्या. लोखंड असो वा लाकूड, मध्यावर खालून टेकू द्या. पालथा ठेवलेला भक्कम ठोकळा किंवा दोन चिरे चालतात. मोकळी लांबी निम्मी झाली की ताणही निम्मा होतो.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. रॅम्प आखूड असेल तर हौद्याच्या कडेवर गाडीचे पोट टेकते. क्लासिकच्या दोन चाकांमधले अंतर १३९० मिमी, पोटाखालची जागा १७०. कड बरोबर मध्ये आली की ८ फुटी रॅम्पला सुमारे १०० मिमी जागा खर्च होते, ६ फुटीला १३०, ५ फुटीला १६०. पाच फुटीला उरले १० मिमी. शॉकअप दबला की सायलेन्सरचा वाक नाहीतर इंजिनाखालचा गार्ड कडेवर बसला म्हणून समजा. मग गाडी ना पुढे, ना मागे.

पंचगंगाकाठ
ताईंशी सहमत. पण सगळे रॅम्प लांब करायच्या मागे लागलात, उंची कोणी कमी करत नाही. गाडी बांधाला मागे लावा. उसाचा बांध, ओढ्याकाठचा उतार, जिथे जमीन दीड-दोन फूट उठलेली असेल तिथे हत्ती खाली आणि बुलेट वर. मार्केट यार्डात गूळ चढवायचा धक्का असतो, तीच युक्ती. बांध नसेल तर हत्तीच्या मागच्या चाकांपुरते दोन खड्डे काढा, ८ इंच खोल, पुढच्या बाजूला उतरते. २७ चे १९ इंच झाले, त्याच ८ फुटी रॅम्पवर ५५ किलोचे ३९ झाले. कुदळीचे दहा मिनिटांचे काम.

गगनगिरीचा_वारा
पण पावसाळी काळ्या रानात खड्डा काढू नका. मोटारसायकल चढेल आणि हत्ती रुतेल. मग ट्रॅक्टर शोधा.

पंचगंगाकाठ
+१. मुरमाड जागेतच.

जुना_राजदूत
दुसऱ्या प्रश्नाकडे या. एकट्याने ढकलत चढवण्यापेक्षा इंजिनाच्या जोरावर, पण स्वतः शेजारी चालत चढवायची. पद्धत:

गाडी रॅम्पच्या रेषेत सरळ किमान दहा फूट मागे उभी करा. वाकड्यात सुरुवात केली तर रॅम्पवर हँडल सरळ करायला जागा नसते. साइड स्टँड वर घ्या. नव्या गाड्यांत तो खाली राहिला की गिअर पडताच इंजिन बंद होते, आणि ते रॅम्पच्या तोंडाशी नको. डाव्या बाजूला उभे राहा, डावा हात क्लचवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, पोट टाकीला टेकलेले. पहिला गिअर, अर्धा क्लच, रेस फार लागत नाही. पुढचे चाक कडेवर आले की थांबायचे नाही, त्याच वेगाने मागचे चाकही वर घ्यायचे. मागचे चाक कड ओलांडताक्षणी क्लच दाबायचा, नाहीतर गाडी केबिनच्या जाळीत.

मध्येच थांबायची वेळ आली तर पुढचा ब्रेक दाबून भरवसा ठेवू नका. चढावर वजन मागच्या चाकावर गेलेले असते, पुढचे चाक लॉक होऊनही मागे घसरत येते. मागच्या ब्रेकचे पायडल उजवीकडे, तुमचा पाय पोचत नाही. म्हणून इंजिन बंद करा आणि गिअरमध्येच क्लच सोडा. मागचे चाक इंजिन धरून ठेवते. क्लच हाच तुमचा हँडब्रेक.

जाळ_आणि_धूर
बसूनच चढवायची की राव. थोडा स्पीड धरला की सुर्रकन वर. नाद खुळा!

जुना_राजदूत
@जाळ_आणि_धूर, सुर्रकन वर गेल्यावर पाय कुठे टेकणार? पट्टा २०० मिमीचा, दोन्ही बाजूंना दोन-सव्वादोन फूट खोल हवा. हौद्यात ब्रेक मारायला सात फूट जागा. आणि वेगात गेले की मागच्या चाकाची लाथ रॅम्पला बसते, तो मागे सरकून कडेवरून निसटतो. नाद खुळा खरा, पण हाडांच्या डॉक्टरांचा.

जाळ_आणि_धूर
बरं बाबा, उतरलो.

उद्यमनगरी
राजदूतकाकांनी लाथेचे लिहिले ते सगळ्यात महत्त्वाचे. रॅम्प नुसता टेकवून ठेवायचा नाही. वरच्या टोकाला ५० बाय ६ ची पट्टी वाकवून हूक करा, तो हौद्याच्या कडेवर बसला पाहिजे. शिवाय दोन्ही बाजूंनी साखळी किंवा पट्टा घेऊन हत्तीच्या चेसिसला ताणून बांधा. हूक रॅम्पला बिजागरीने जोडलात तर उत्तम, कारण गाडीचे वजन कडेवर आले की मागचे पाटे दबतात, हौदा इंच-दोन इंच खाली बसतो आणि पक्का हूक उचकटतो.

फाळका (हौद्याचे मागचे दार) उघडा सोडून साखळ्यांवर आडवा ठेवतात आणि त्यावर रॅम्प टेकवतात, ते करू नका. बिजागरीच्या पिना त्या वजनासाठी नसतात. फाळका पूर्ण खाली लोंबकळू द्या किंवा पिना काढून बाजूला ठेवा.

रंकाळा_टॉवर
हत्तीच्या चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून दगड) लावायला विसरू नका. हँडब्रेक आणि पहिला गिअर दोन्ही मागच्याच चाकांना धरतात, आणि मोकळ्या गाडीत मागे वजनच नसते. उटी पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून.

चेनस्प्रॉकेट
इंजिन लावून चढवण्याच्या मी विरोधात आहे. गाडी बंद पडलेली असेल, पेट्रोल संपलेले असेल, तेव्हाच तर गाडीत घालायची वेळ येते. हँड विंच (हँडल फिरवून दोरी गुंडाळत ओढायचे यंत्र) लावा.

आता नेहमीचा घोळ: विंच केबिनमागे लावतात. म्हणजे माणूस पुढे हँडल फिरवतोय आणि मागे रॅम्पवर मोटारसायकल धरायला कोणी नाही. उपाय सोपा आहे. केबिनच्या बाजूला फक्त कप्पी लावा आणि विंच हौद्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला. दोरी विंचमधून पुढे कप्पीपर्यंत, तिथून वळून मागे मोटारसायकलला. तुम्ही रॅम्पच्या डावीकडे उभे, एक हात विंचवर, एक गाडीवर. दोरी ८ मीटर धरा.

दोन पथ्ये. कप्पीवर ओढीच्या दुप्पट भार येतो, ७० किलोची ओढ तर कप्पीवर १४० किलो. म्हणून कप्पी केबिनमागच्या जाळीच्या पाइपला नको, हौद्याच्या तळाच्या आडव्या चॅनलमधून आरपार बोल्ट घेऊन डोळा बसवा, खाली मोठा वॉशर. दुसरे, विंच आपोआप ब्रेक लागणारा घ्या. नुसता दात्यांचा खटका असलेला स्वस्त विंच चढवताना ठीक. उतरवताना खटका काढला की हँडल सुटते आणि मनगट मोडते.

दोरीचा हूक हँडलला कधी अडकवू नका. हँडलच्या खाली दोन्ही फोर्क जिथे पकडलेले असतात त्या खालच्या टीभोवती मऊ पट्टा घ्या आणि त्याला हूक.

तांबडा_पांढरा
इलेक्ट्रिक विंच बसवला तर? बटण दाबायचं आणि तांबडा रस्सा वरपत बघत बसायचं.

चेनस्प्रॉकेट
चालतो, रिमोटमुळे दोन्ही हात जवळपास मोकळे राहतात. पण छोटा विंचसुद्धा पूर्ण ओढीला शंभर अँपिअरच्या पुढे जातो. हॉर्नच्या वायरवर जोडाल तर धूर. बॅटरीपासून जाड केबल, बॅटरीजवळ फ्यूज, आणि विंच चालताना हत्तीचे इंजिन चालू. रस्सा उतरल्यावर.

शिरोली_शिफ्ट
घरी गॅरेजमध्ये लोखंडी गर्डर असेल तर रॅम्पच नको. अर्ध्या टनाचा चेन ब्लॉक टांगा, मोटारसायकल सरळ वर उचला, हत्ती रिव्हर्समध्ये खाली आणा, खाली सोडा. एकट्याने होते, घाम निघत नाही. दोन पट्टे खालच्या टीभोवती, दोन मागे सीटखालच्या चेसिसला. मागचे पट्टे थोडे लांब-आखूड करून गाडी आडवी सपाट लटकेल असे आधी अर्ध्या फुटावर तपासा. गर्डर जमिनीपासून नऊ-साडेनऊ फुटांवर हवा: हौद्याचे सव्वादोन, गाडी आणि पट्टे मिळून साडेचार, बाकी चेन ब्लॉकची स्वतःची उंची आणि मोकळीक. लटकत्या गाडीखाली हात, पाय, डोके काहीच नाही.

शेतावर विहिरीचे तिकाटणे असेल तर तेही चालते, पण तीन पायांच्या मधून हत्ती जाईल एवढे ते पसरट हवे, आणि पाय सरकू नयेत म्हणून खाली साखळीने एकमेकांना बांधा.

जाळ_आणि_धूर
स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला अडकवलं तर?

शिरोली_शिफ्ट
तर पंखा, स्लॅब आणि बुलेट तिन्ही हत्तीत. गोठ्याच्या पत्र्याच्या कैचीलाही नको. ती पत्रा आणि वारा पेलायला असते, मध्येच एका जागी दोनशे किलो लटकवायला नाही.

करवीरकन्या
तिसऱ्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही, आणि एकट्या माणसाची खरी अडचण तीच आहे. वर गेल्यावर गाडी स्वतः उभी राहिली पाहिजे. त्यासाठी पुढच्या चाकाचा झुलता पाळणा करून घ्या. दोन उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये १६ मिमीच्या आसावर हलणारा उथळ पाळणा. चाक आत शिरून आसाच्या पुढे गेले की पाळणा पुढे कलतो आणि त्याचा मागचा भाग टायरच्या मागे वर उठतो. चाक अडकले. क्लासिकचा पुढचा टायर १०० मिमीचा, तर आतली जागा ११०. जास्त सैल ठेवली तर गाडी डुलते. पाळणा हौद्याला चार बोल्टने पक्का.

पण पाळणा म्हणजे बांधणी नव्हे. तो फक्त तुम्हाला दोन मिनिटे देतो. पुढचे दोन्ही रॅचेट पट्टे (खटक्याने ताणायचे) गाडी चढवायच्या आधीच हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांना अडकवून, योग्य लांबीला सैल सोडून ठेवा. चाक पाळण्यात बसले की आधी डावा पट्टा टीला, मग टाकीवरून हात घालून उजवा. दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने ताणा. शॉकअप निम्मा दबला की थांबा. पूर्ण दाबून नेलात तर खड्ड्यात फोर्कच्या ऑइल सीलची वाट लागते.

तुमच्या हौद्यात गाडी सरळ उभी केली तर पाळण्याला जागा उरत नाही. तिरकी लावा, कोपऱ्यातून कोपऱ्यात साडेसव्वीसशे मिमी मिळतात. पाळणाही त्याच तिरक्या रेषेत बसवा, आणि रॅम्प शक्य तितका त्या रेषेत येईल असा उजवी-डावीकडे सरकवा.

बांधावरचा
पट्टे इकत कशाला घ्यायचे, कासऱ्यानं आवळून बांधली तर?

पंचगंगाकाठ
कासरा गाठीला सुटत नाही आणि ताणाला टिकत नाही. नायलॉन दोरी ओली झाली की आणखी सैल पडते. पॉलिस्टरचे २५ मिमीचे चार रॅचेट पट्टे लक्ष्मीपुरीत मिळतात, तेवढे घ्याच. कासरा पट्ट्यांची टोके बांधायला ठेवा, नाहीतर वाऱ्यावर फडफडून रंग घासतात.

गगनगिरीचा_वारा
साइड स्टँडवर उभी करून बांधू नका. खड्ड्यात स्टँडची पिन वाकते आणि पट्टे सैल पडतात. दोन्ही चाकांवर सरळ, पहिल्या गिअरमध्ये. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद. फुलेवाडीतून निघालात तर कळे गावापर्यंत एकदा उतरून पट्टे बघा, पहिल्या काही किलोमीटरांतच सैल पडतात. नंतर सहसा पडत नाहीत.

मालधक्का
थोडे अवांतर: रेल्वे पार्सलने पाठवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. चढवायचे काम मात्र हमालांचे.

रंकाळा_टॉवर
शेतावर न्यायला रेल्वे? गगनबावड्याला स्टेशन झाले का कधी?

फुलेवाडी_नाका
सगळ्यांचे आभार. ठरवले ते असे: ६० च्या ओठांचे दोन पट्टे, बिजागरीचा हूक, तिरका पाळणा, चार रॅचेट पट्टे. विंच नंतर. राहिला प्रश्न उतरवण्याचा. शेतावर रॅम्पचे खालचे टोक मऊ मातीत रुतेल ना? आणि मागे उतरताना क्लचवरच भरवसा ठेवायचा?

जुना_राजदूत
हो, आणि उतरवणे चढवण्यापेक्षा अवघड आहे. इंजिन बंद, पहिला गिअर, डावीकडून, तुमचे पाय पायाच्या पट्ट्यावर. क्लच कणाकणाने दाबा, गाडी वीतभर मागे येते, सोडा, थांबते. असे टप्प्याटप्प्याने. क्लच पूर्ण दाबून धरलात तर काही अडवणारे उरत नाही. पुढचा ब्रेक सोबतीला, मुख्य नाही. नजर मागच्या चाकावर ठेवा, पुढचे चाक पाळण्यातून सुटल्यावर आपोआप मागून येते. पाळण्यातून सुटताना एक हिसका लागतो, त्या वेळी मागचे चाक रॅम्पच्या तोंडापासून फूटभर आत असले पाहिजे. तुमच्या तिरक्या हौद्यात ती जागा उरते का, हे गाडी न बांधता घरीच एकदा सपाटीवर खडूने आखून बघा.

उद्यमनगरी
मातीसाठी खालच्या टोकाला ३०० बाय ३०० ची ५ मिमी प्लेट बिजागरीने लावा. एम.एस.ची साडेतीन किलोच भरते. काढता येईल अशी पिन ठेवा, नाहीतर रॅम्प हौद्यात बसणार नाही. तो तिसरा पट्टा उरला होता ना, त्यातूनच तुकडे काढून दुहेरी वेल्ड केले तरी चालेल. आणि पट्टे वाकवायला देताना सांगा: ओठ वरच्या टोकाला शेवटचे ५० मिमी कापून घ्या, नाहीतर हूक कडेवर सपाट बसत नाही.